चोरांची इंग्रजी नावं : एका पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

९ डिसेंबर २०२४, लश्कर, ग्वाल्हेर

आज पुस्तिकेला हात घातला. निमित्त माईंचं पत्र.

माई दिवाळीत लेकीकडे पुण्याला गेल्या होत्या. परत आल्या तर मागच्या दाराची कडी उचकटलेली. माजघरातले दोन हंडे, घंगाळ, दोन समया आणि कपाटातली चांदीची भांडी गेलेली. घराचा विमा होता, म्हणून भाच्याने कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं: रॉबर्सनी आमच्या घरी रॉबरी केली. कंपनीचं उत्तर आलं की रॉबरी झाली तेव्हा घरात कोण होतं, कुणाला धमकावलं, कुणाला इजा झाली, आणि तसं असेल तर एफआयआरमध्ये ते का नाही? एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची ३३१ आणि ३०५ ही कलमं आहेत, आणि आमच्या इथल्या पोलिसांच्या बोलीत त्याला म्हणतात नकबजनी. विम्याच्या कागदावर तिसराच शब्द, बर्गलरी. एकाच रात्रीची तीन कागदांवर तीन नावं, आणि त्या घोळात दावा अडकला.

माई मला म्हणाल्या, "अगं, चोर तो चोर. त्याला इंग्रजीत इतकी नावं कशाला हवीत?"

मला उत्तर देता येईना. वाचनालयातल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गातली मुलं लॉच्या प्रवेश परीक्षेला बसतात, बँकेच्या परीक्षा देतात. त्यांचाही हाच गोंधळ. बत्तीस पानांची पुस्तिका करायची ठरवलं. प्रत्येक शब्दाचा अर्थ, तो आला कुठून, आणि वाक्यात कसा बसतो.

११ डिसेंबर

पहिली यादी झाली. थीफ, रॉबर, बर्गलर, पिकपॉकेट, शॉपलिफ्टर, मगर, स्विंडलर, एम्बेझलर, डकॉइट, लूटर, पायरेट, पोचर, रसलर, प्लेजिअरिस्ट, क्लेप्टोमेनिॲक आणि आणखी. एकतीस भरले. काही एका ओळीत संपतील: पोचर चोरून शिकार करतो, रसलर गुरं पळवतो. क्लेप्टोमेनिया हा मनाचा आजार आहे. गरज नसलेली वस्तू उचलल्याशिवाय त्या माणसाला राहवत नाही. हा शब्द कुणालाही चिडवायला वापरायचा नाही, एवढं मात्र ठळक छापायचं.

थीफवर जास्त वेळ गेला. थीफ गुपचूप नेतो. त्याचं क्रियापद स्टील, आणि स्टील्थ म्हणजे लपतछपत वावरणं हे त्याच्याच घरातलं. मला एकदम आपला 'चोर' आठवला. चोरकप्पा, चोरवाट, चोरदरवाजा, चोरपावलं. यांत कुणी काही चोरलेलं नाही, सगळं फक्त लपलेलं आहे. चोरटी नजर तर इंग्रजीतही जशीच्या तशी आहे, तिथेही नजर 'स्टील' करतात. दोन्ही भाषांत चोराची पहिली खूण एकच: तो दिसत नाही.

१५ डिसेंबर

वर्गात चाचणी घेतली. 'त्याने माझी पर्स चोरली' याचं इंग्रजी करा. बहुतेकांनी 'ही रॉब्ड माय पर्स' लिहिलं. चूक. स्टीलचं कर्म वस्तू असते, रॉबचं कर्म माणूस किंवा जागा. बँक रॉब करतात, पैसे स्टील करतात. मराठीत लुटणं आणि चोरणं यांची वाटणी साधारण हीच आहे: वाटसरूला लुटलं, त्याचं पाकीट चोरलं. पण आपण सर्रास 'पैसे लुटले'ही म्हणतो, म्हणून मुलं घसरतात.

कायद्याच्या भाषेत रॉबरी म्हणजे चोरी किंवा खंडणी, आणि त्याच्या जोडीला तिथल्या तिथे जीव जाण्याची, इजेची किंवा अडवून ठेवण्याची भीती. माईंच्या घरात त्या रात्री घाबरायला माणूसच नव्हता. म्हणून ती रॉबरी नव्हे.

संध्याकाळी रॉबचं मूळ बघितलं आणि हातातला चहा गार झाला. रॉब आणि रोब, म्हणजे न्यायाधीश घालतात तो झगा, हे दोन्ही एकाच मुळातले. जुन्या फ्रेंचमध्ये रोब म्हणजे लुटीत हाती आलेला माल, मुख्यतः कपडे. मग नुसता कपडा. लुटणं म्हणजे आधी अंगावरचं काढून घेणं. आणि आपल्याकडे लुबाडण्याला जुना, सणसणीत शब्द आहे नागवणं! 'सावकाराने नागवलं' म्हणताना आपल्याला त्यातला नागडा दिसेनासा झालाय, तसाच इंग्रजांना रॉबमधला झगा. हे पान मी मन लावून लिहिणार आहे.

१८ डिसेंबर

बर्गलर. हा माईंचा शब्द, म्हणून नीट बघितला.

यात इमारत महत्त्वाची. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बर्गलरी व्हायला चार गोष्टी लागत: राहतं घर, फोडून शिरणं, गुन्ह्याचा इरादा आणि रात्र. तेच काम दुपारी केलं तर ती बर्गलरी नव्हे. १९६८ च्या थेफ्ट ॲक्टने रात्रीची अट काढली आणि फोडण्याचीही. परवानगीशिवाय शिरणं पुरेसं झालं. भारतीय दंड संहितेने १८६० मध्ये हा शब्द घेतलाच नाही. तिथे हाउस-ब्रेकिंग आहे, आपली घरफोडी. शिरण्याचे किंवा बाहेर पडण्याचे सहा प्रकार दिलेत आणि खाली उदाहरणं. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी घरफोडी. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कुलूप उघडून शिरला तरी घरफोडी. नकबजनीतला 'नकब' म्हणजेही भिंतीला पाडलेलं भोक. आता कुणी भिंत पोखरत नाही, तरी ठाण्यातल्या नोंदीत ते भोक शिल्लक आहे.

विम्यात आणखी तिसरा अर्थ. बर्गलरीच्या पॉलिसीत सहसा बळजबरीने, मोडतोड करून शिरल्याची अट असते, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अट तशी लिहिली असेल तर तशीच वाचायची. म्हणजे किल्लीने उघडून शिरलेला चोर संहितेत घरफोड्या ठरेल आणि पॉलिसीत ठरणार नाही.

माईंच्या बाबतीत कडी उचकटली होती. ती कडी त्यांनी जपून ठेवलीय का, उद्या विचारते.

१९ डिसेंबर

ठेवलीय. वर्तमानपत्रात गुंडाळून, फडताळात. कडीची एक बाजू वाकून चमच्यासारखी झालीय, आणि स्क्रूंना चौकटीचा लाकडाचा भुसा अजून चिकटलेला आहे. फोटो काढले.

३० डिसेंबर

नाना मेळ्यात गेले होते. ते पोलीस खात्यात स्टेनो होते, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. परत आले ते कुर्त्याचा खिसा घेऊनच माझ्याकडे. खालची शिवण धरून सरळ चार बोटं चीर. कापडाची कड इतकी साफ की एकही धागा ओढला गेलेला नाही. आत दोनशे तीस रुपये आणि टेंपोची चिल्लर होती. त्यांना पैशांचं दुःख नव्हतं. "चाळीस वर्षं खिसेकापूंचे जबाब टाइप केले," एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. मी पोहे केले.

ते गेल्यावर तो कुर्ता समोर ठेवून पान लिहिलं. इंग्रजीत आधी कटपर्स होता. पैशांची थैली कमरेला बांधलेली असे, तो तिची दोरी कापायचा. मग कपड्यांना खिसे आले, दोरी गेली, आणि शब्द झाला पिकपॉकेट. कापणं गेलं, बोटांनी टिपणं आलं. मराठीने तसं केलं नाही. आपण खिसा घेतला पण कात्री सोडली नाही: खिसेकापू. हिंदीतला जेबकतराही तसाच. पाकीटमार नंतरचा.

शॉपलिफ्टरही याच पानावर घेतला. लिफ्ट हा लंडनच्या चोरांच्या बोलीतला शब्द, सोळाव्या शतकापासूनचा, अर्थ उचलणं. आपल्या उचलेगिरीची जोड यापेक्षा चांगली सापडणार नाही. मुलांना उदाहरण देताना सराफ्यातलं दुकान घेते: गिऱ्हाईक म्हणून येऊन अंगठी बघता बघता लांबवली तर शॉपलिफ्टर, रात्री शटर वाकवून नेली तर बर्गलर, मालकाला चाकू दाखवला तर रॉबर, आणि दुकानातल्याच मुनीमजींनी हिशेबात फिरवली तर एम्बेझलर. अंगठी तीच.

५ जानेवारी २०२५

आज आपल्या मातीतले तीन. इंग्रजीने घेतलेले लूट, ठग आणि डकॉइट.

डकॉइट सोपा, आणि आमच्या चंबळच्या भागात तो शिकवावा लागत नाही. फक्त आकडा शिकवायचा: पाच. पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेली रॉबरी म्हणजे डकॉइटी. चौघं असतील तर नाही. महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या भाषेत जबरी चोरी आणि दरोडा. आमच्या इथल्या हिंदीत लूट आणि डकैती.

इथेच घोटाळा. ग्वाल्हेरच्या पेपरात 'लूट' म्हणजे रॉबरी, गल्लीतल्या साखळीचोरीपर्यंत काहीही. इंग्रजी लूट वेगळी. तिला दंगल लागते, युद्ध लागतं, पूर लागतो; व्यवस्था कोसळलेली असताना जो दुकानं साफ करतो तो लूटर. शब्द आपला, पण परत येताना अर्थ बदलून आला.

तो शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या तोंडी बसला. तेच लोक १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणात शिरले तेव्हा जे हाती आलं त्याला मात्र त्यांच्या कागदांवर प्राइझ म्हणत. त्याची वाटणी करायला रीतसर प्राइझ एजंट नेमलेले होते. दुसऱ्याने नेली ती लूट, आपण नेली ते बक्षीस.

हे लिहून पेन खाली ठेवलं, कारण पुढचं वाक्य आपल्याबद्दल लिहिणं भाग होतं. आपण चौथ-सरदेशमुखीला हक्क म्हणतो. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालमध्ये गेले, त्या बारगिरांची आठवण बंगालीत 'बर्गी' म्हणून राहिली आहे. तिथल्या आया अजून त्या नावाचं अंगाईगीत म्हणतात: मूल झोपलं, वस्ती निजली, बर्गी आले देशात. लश्कर हे आमच्या गावाचं नावच मुळी फौजेच्या तळाचं. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजांबरोबर इथे आले. दुसऱ्याच्या भाषेत आपलं नाव काय पडलं, हे मुलांना माहीत असायला हवं. दोन्ही गोष्टी त्याच पानावर ठेवल्या.

९ जानेवारी

ठगावर नानांशी तीन तास बोलणं झालं.

मराठी ठक डोक्याने फसवतो. ठकवणं, ठकास महाठक, सगळा बुद्धीचा खेळ. संस्कृत मुळातही झाकणं, लपवणं आहे. इंग्रजीतला आजचा थग म्हणजे मात्र निव्वळ गुंड, दांडगट. त्यात अक्कल उरलेलीच नाही. मुलांनी ठकाला थग लिहिलं तर चूक, ठकाला स्विंडलर.

मग नानांनी जुनी संहिता, म्हणजे १८६० ची दंड संहिता काढून कलम ३१० दाखवलं. खून करून किंवा खुनासकट लूट करण्यासाठी, मुलं पळवण्यासाठी जो नेहमी इतरांच्या संगतीत असतो तो ठग आहे. आणि ३११: जो ठग असेल त्याला जन्मठेप आणि दंड. "बघा," नाना म्हणाले, "चोरीच्या कलमात 'जो चोरी करील' आहे. रॉबरीत 'जो करील'. इथे 'जो असेल'." तीस-पस्तीस वर्षं हे कलम माझ्या शेल्फवर होतं. मी कधी असं वाचलं नव्हतं.

त्याच्याही आधी १८३६ च्या कायद्यात ठगांच्या टोळीत असल्याचं सिद्ध होणं जन्मठेपेला पुरेसं होतं. त्याच साली, ठगांना पकडण्याची मोहीम चालवणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या बोलीचा कोश छापला, रामसीआना. म्हणजे चोरांच्या शब्दांचा कोश माझ्याआधी कुणी केला तर तो माणसं पकडण्यासाठी केला. माझी बत्तीस पानं त्यापुढे काहीच नाहीत, पण मला ते टोचलं.

नवीन संहिता, भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ ला लागू झाली, तिच्यात ठगाचं कलम नाही. गेलं.

१२ जानेवारी

दोन रात्री नीट झोप नाही. कारण यादीतल्या मराठी बाजूला मी 'भामटा' लिहिला आहे. स्विंडलर म्हणजे भामटा. शब्द ठसकेबाज आहे, पेपरात रोज येतो: 'भामट्याने घातला गंडा'. पण भामटा हे एका जमातीचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे. १८७१ च्या कायद्याने माणसांच्या अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मलं की ते त्या नोंदीतलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, शब्द आपल्या तोंडात राहिला. पुण्यात शिकायला गेलेला माझा एक विद्यार्थी कॉलेजच्या दाखल्यावर ते नाव घेऊन फिरलेल्या मित्राबद्दल सांगत होता. वर्गात कुणी तो शब्द सहज उच्चारला की तो मित्र खाली बघायचा.

भामटा काढला. उचल्याही काढला, त्याचीही तीच गत. उचलणं आणि उचलेगिरी ठेवली. स्विंडलरसमोर 'ठक, लबाडीने पैसे उकळणारा' असं लिहिलं. चव थोडी कमी झाली. चालेल.

१४ जानेवारी, संक्रांत

वर्ग नव्हता, मुलं तिळगूळ द्यायला आली. एकाने विचारलं, "बाई, इंग्रजीत मगर म्हणजे चंबळमधली मगर की रस्त्यावर लुटणारा?" दोन्ही! पाणथळीतल्या मगरीला इंग्रजीत जो मगर शब्द आहे तो आपल्याच मगरीवरून. रस्त्यात गाठून मारझोड करून लुटणारा मगर मात्र इंग्रजीतल्याच 'मग' या शब्दावरून. मग म्हणजे बोलीत तोंड, थोबाड. दोघांचं नातं काही नाही. हे पुस्तिकेत टाकायचं राहिलं होतं, टाकलं.

१९ जानेवारी

विश्वासाने घेणारे आज एकत्र केले.

एम्बेझलरच्या हातात पैसे आपणच दिलेले असतात: खजिनदार, रोखपाल, मुनीम. तो कुठून शिरत नाही, कुणाला भीती घालत नाही. म्हणून कायद्यातही ही चोरी नव्हे, विश्वासघात, नव्या संहितेचं कलम ३१६. मराठीत याला एक नाम नाही, पण कुंपणच शेत खातं हे आहे, आणि त्याहून नेमकं वर्णन मला कुठल्याही कोशात सापडलं नाही. आपल्याकडे हा माणूस नेहमी खातो. पैसे खाल्ले, अनुदान खाल्लं, सोसायटी खाल्ली.

कॉन मॅन हा कॉन्फिडन्स मॅनचा तुकडा. १८४९ मध्ये न्यूयॉर्कला एक नीटनेटका माणूस अनोळखी लोकांशी गप्पा मारून विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका तुमचा माझ्यावर विश्वास आहे का? लोक देत. तो पकडला गेल्यावर पेपरांनी त्याला हे नाव दिलं. वर्गातल्या एकीच्या आजोबांना मागच्या महिन्यात फोनवर असंच विचारलं गेलं, फक्त घड्याळाऐवजी ओटीपी मागितला.

प्लेजिअरिस्टचं मूळ लॅटिन, तिथे तो माणसं पळवणारा. रोमन कवी मार्शलने आपल्या कविता पळवणाऱ्याला तो शब्द लावला. आपलं वाङ्मयचौर्य त्यापेक्षा थंड आहे.

२६ जानेवारी

नानांकडे. त्यांना 'बागी'चं इंग्रजी काय लिहू असं विचारलं. एप्रिल १९७२ मध्ये आमच्या चंबळच्या भागातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्यापुढे ज्यांनी शस्त्रं ठेवली, त्यांना सरकारी कागदात डकॉइट म्हणत आणि गावं बागी म्हणत. बागी म्हणजे बंडखोर. चोरी, अपहरण, खून, सगळं त्यांच्या नावावर. पण शब्द ते का पळाले याचा, काय नेलं याचा नव्हे. नाना म्हणाले, "दोन्ही लिहा. ज्यांच्या घरचे मेले ते डाकूच म्हणत होते." दोन्ही लिहिले.

२ फेब्रुवारी

मांडणी मोडली. यादी थीफ, रॉबर, बर्गलर अशी नावांनी चालली होती. आता क्रियेने लावते आहे: गुपचूप नेणं, भीती घालून नेणं, फोडून शिरणं, उचलणं, कापणं, विश्वासाने घेऊन खाणं. आधी वाक्य, मग क्रियापद, नाव सगळ्यात शेवटी आणि लहान अक्षरात. टायपिंग करणारा मुलगा वैतागला, सगळी पानं पुन्हा लावायची. त्याला खरं कारण सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बाई, आठवीत माझं नाव पडलं होतं पेनचोर. एकदाच घेतलं होतं." आणि पानं लावायला बसला.

नव्या संहितेतली एक तरतूद चोरीच्या पानावर घातली: पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा.

९ फेब्रुवारी

प्रुफं आली. पान १७ वर 'रॉबिंग'मध्ये बी दोनदा हवा, एकदाच पडलाय. बाकी ठीक.

दुपारी माईंचं निवेदन. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला, आता त्यांना सविस्तर लेखी हवंय. माई बोलल्या, मी इंग्रजी केलं. पहिल्या मसुद्यात 'बर्गलर्स' आलं होतं. मी ते खोडलं, कारण त्या रात्री एक होता की तीन, माईंनी कुणाला पाहिलेलं नाही. आता वाक्यं अशी आहेत: घर कुलूपबंद होतं. आम्ही गावाला गेलो असताना कुणीतरी मागच्या दाराची कडी लोखंडी वस्तूने उचकटली, आत शिरलं आणि पुढील वस्तू नेल्या. मग यादी. सोबत कडीचे चार फोटो.

माईंनी मराठीत वाचून घेतलं. "यात चोर कुठेच नाही गं," म्हणाल्या.

मी म्हटलं, "नको. त्यांना कडी दाखवू."

त्यांनी सही केली. उद्या बाड्यावरच्या पोस्टातून रजिस्टर करायचं.